जकात नाक्याच्या खोलीच्या चाव्या

मालोजीराव खराडे यांना पाठिंबा न देणारी संस्था इंदूरच्या जुनी इंदूर वस्तीत शोधायची म्हटलं, तर बरंच हिंडावं लागलं असतं. दारूबंदी समितीचा त्यांना पाठिंबा होता आणि दारूच्या ठेकेदारांचाही होता. तांगेवाल्यांचा होता, आणि तांग्यांची घोडी रस्ते घाण करतात म्हणून दर महिन्याला अर्ज करणाऱ्या नागरिक समितीचाही होता. हे सगळे त्यांना आपला माणूस म्हणत आणि यात कोणीच खोटं बोलत नव्हतं. मालोजीराव ज्याच्यासमोर बसत, त्याचे होत. उठेपर्यंत.

मध्यप्रदेश तेव्हा नवा होता. राजधानी भोपाळला गेली होती आणि इंदूरच्या मराठी घरांतून त्याचं सुतक अजून पाळलं जात होतं. राजधानी गेल्यामुळे लोकांच्या हाती संध्याकाळ बरीच उरू लागली. उरलेल्या संध्याकाळींतून संस्था निघाल्या. प्रत्येक संस्थेला एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि एक गाऱ्हाणं होतं. नव्हती ती जागा. व्यायामशाळेचे लोक नदीच्या घाटावर बैठका मारत, भजनी मंडळ कोणाच्या तरी ओसरीवर बसे आणि ओसरीवाल्याला झोप आली की अभंग अर्धा राही.

मालोजीरावांनी ही गरज ओळखली. बाकीचे उमेदवार आश्वासनं देत, मालोजीराव चावी देत.

जुन्या जकात नाक्याची एक मोठी खोली वस्तीच्या तोंडाशी होती. दगडी भिंती, जाड गजांची एक खिडकी, आणि दारावर नारळाएवढं कुलूप. संस्थानाच्या काळात तिथे जकातीचा माल अडकवून ठेवत. संस्थान गेलं, जकात दुसरीकडे गेली आणि खोली नगरपालिकेकडे आली. मालोजीराव नगरपालिकेत निवडून गेलेले. तेव्हा खोली जवळपास त्यांच्याकडेच आली.

कोणत्याही संस्थेने पाठिंब्याचा ठराव केला की मालोजीराव एका ताटात नारळ, हळदकुंकू आणि लाल दोऱ्यात ओवलेली एक चावी घेऊन जात. चावी अध्यक्षांच्या ओंजळीत ठेवून, आवाज खाली आणून म्हणत, "जकात नाक्याची खोली तुमची. फक्त कोणाला सांगू नका, बाकीचे जळतात. आणि निवडणूक झाल्यावरच उघडा, आत सध्या पालिकेचं सामान आहे."

आता हळदकुंकू वाहिलेली वस्तू आपल्या घरात कुठे जाते, हे मालोजीरावांना पक्कं ठाऊक होतं. ती देवघरात जाते. आणि देवघरात गेलेली वस्तू कोणी चालवून बघत नाही. आमच्या वस्तीतल्या अर्ध्या देवघरांत बाळकृष्णाच्या शेजारी एकेक चावी होती. रोज तिला फूल मिळत होतं, सोमवारी बेल मिळत होता, आणि तिने एकही कुलूप पाहिलेलं नव्हतं.

पहिली चावी मिळाली होती द्वारकाबाई मोहिते यांना, आधीच्या निवडणुकीत.

द्वारकाबाईंचे यजमान होळकरांच्या पागेत कारकून होते. पागा मोडली, घोडे विकले गेले, तेव्हापासून ते ओसरीवर बसून पेन्शनची आणि जेवणाची वाट बघत. बोलण्याचं काम घरात द्वारकाबाई करत. त्यांनी विधवा आणि टाकलेल्या बायकांसाठी शिवणवर्ग काढला होता. मशिनं होती, बायका होत्या, जागा नव्हती. मालोजीरावांनी चावी दिल्यावर द्वारकाबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने घराघरात गेल्या. प्रत्येक घरात तिळगुळाबरोबर एकच वाक्य ठेवलं: "रावसाहेबांना निवडून द्या, शिवणवर्गाला खोली मिळते आहे, हा माझा शब्द." त्या वस्तीत द्वारकाबाईंचा शब्द चालायचा. मालोजीराव निवडून आले.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई चावी घेऊन नाक्यावर गेल्या. चावी कुलपात गेलीसुद्धा नाही. 

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मालोजीराव म्हणाले, "गंज चढला असेल, गोडं तेल सोडा." दुसऱ्यांदा म्हणाले, "दुसरी करवून देतो." तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "कोणती खोली?"

एवढ्यावर द्वारकाबाई कदाचित गप्प बसल्या असत्या. पण गिरिजा होती. गिरिजा तरुण विधवा, जवळच्या हातोद गावात दीराच्या घरी राबायची. खोली मिळणार, तिथेच राहायचं आणि शिवायचं, या भरवशावर ती ट्रंक घेऊन दीराचं घर सोडून आली होती. द्वारकाबाईंनीच बोलावलं होतं. दीड महिना ती द्वारकाबाईंच्या ओसरीवर, झाकून ठेवलेल्या मशिनांच्या मागे झोपली. मग दीर येऊन तिला घेऊन गेला. तांग्यात चढताना ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, तुम्ही बोलावलं म्हणून आले होते."

हे वाक्य द्वारकाबाईंनी चार वर्षं जपलं. लोणच्यासारखं, दर थोड्या दिवसांनी बरणी हलवून.

त्याहून वाईट म्हणजे वस्तीत कोणी त्यांना खोटारडी म्हटलं नाही. लोक समजूतदार होते. ते म्हणाले, द्वारकाबाईंना रावसाहेबांकडून काहीतरी मिळालं असणार, बाई हुशार आहे. पुढच्या संक्रांतीला बायकांनी त्यांचा तिळगुळ घेतला, पण तोंडात टाकला नाही, पदराला बांधला.

पुन्हा निवडणूक आली. मालोजीराव पुन्हा ताटं घेऊन हिंडू लागले. त्यातलं एक ताट मीराबाई साळवे यांच्याकडे गेलं.

मीराबाई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वडील महूच्या पलटणीत हवालदार होते. शाळा सुटल्यावर मीराबाई आपल्या वस्तीतल्या मोठ्या बायकांना वाचायला शिकवत, झाडाखाली, कंदील टांगून. त्यांच्या मंडळालाही चावी मिळाली. पण त्यांच्या घरी देवघर नव्हतं. बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापुढे चावी ठेवायची कल्पना मीराबाईंना सुचली नाही. त्या त्याच संध्याकाळी नाक्यावर गेल्या, चावी लावून बघितली, आणि तिथून सरळ द्वारकाबाईंकडे आल्या.

"बाई, तुम्हाला पण मिळाली होती ना?"

द्वारकाबाईंनी देवघरातून आपली चावी आणली. दोन्ही चाव्या पाटावर शेजारी ठेवल्या. एक ट्रंकेची होती, दुसरी बहुधा एखाद्या फडताळाची.

"जुन्या बाजारातून आणतो वाटतं," मीराबाई म्हणाल्या. "निदान सगळ्यांना सारख्या तरी द्यायच्या."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"ओळखलं काय, लावून पाहिली. माझे वडील म्हणायचे, बंदूक मिळाली की आधी चालते का बघ, सॅल्यूट नंतर."

द्वारकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मीराबाईंपुढे चहा ठेवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. गिरिजाचंही.

"आता काय करायचं म्हणता? पाठिंबा काढून घ्यायचा? अर्ज करायचा?" मीराबाईंनी विचारलं.

"अर्ज नको. अर्जाला तो उत्तर देईल. मला त्याचं तोंड उघडलेलं बघायचंय आणि त्यातून काही निघायला नको."

"आणि मग?"

"मग एकच वाक्य निघायला हवं. ते मी सांगेन."

मीराबाईंनी बशी खाली ठेवली. "हां, मग मी आहे."

पुढची बातमी गिरिजाकडून आली. तिचा दीर हातोदच्या बाजारात हमाली करायचा, आणि ज्यांची पोती तो उचलायचा, ते व्यापारी म्हणजे शामराव, मालोजीरावांचे सख्खे मेहुणे. सरकी आणि पेंड. गिरिजाने द्वारकाबाईंना निरोप पाठवला होता: दर रविवारी सकाळी शामरावांची गाडी भरून इंदूरला जाते, माल जुन्या जकात नाक्याच्या खोलीत उतरतो, चावी शामरावांच्या कमरेला असते. पालिकेचं सामान ते हेच.

द्वारकाबाईंनी रविवार ठरवला.

मालोजीराव पलासियाला बंगल्यात राहत. वस्तीतून निवडून आलेला माणूस वस्तीत राहत नाही, हे तेव्हाही कोणाला खटकत नसे. द्वारकाबाई तिथे गेल्या तेव्हा ते हारांच्या ढिगात बसून पोहे खात होते.

"या, काकू. बऱ्याच दिवसांनी. रागावल्या तर नाहीत ना?"

"राग कसला, रावसाहेब. वय झालं आता. मी म्हणायला आले होते की तो समोरचा उमेदवार पाच संस्थांना एका मंचावर बसवून फोटो काढून बसलाय. पेपरात आलाय."

मालोजीरावांचा घास थांबला. तो फोटो त्यांनी पाहिला होता. पाहिला म्हणजे उशीखाली ठेवला होता.

"पाच म्हणजे काय," ते म्हणाले. "माझ्यामागे किती आहेत तुम्हाला माहीत नाही."

"तेच तर. पण तुमचा फोटो कुठे आहे? लोक म्हणतात, रावसाब के पास संस्था तो बहुत हैं, दिखती एक भी नहीं."

"कोण म्हणतं?"

"लोक."

मालोजीराव विचारात पडले. दोन संस्था एकमेकींना भेटू द्यायच्या नाहीत, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता, आणि तो त्यांनी कोणालाही न शिकवता पाळला होता. पण फोटोचा मोह वाईट.

"बायकांचं सगळं मी बघते," द्वारकाबाई म्हणाल्या. "संस्थांना निरोप मी देते. तुम्ही फक्त रविवारी सकाळी या. भाषणसुद्धा नको. उभं राहायचं, हार घालून घ्यायचे, फोटो."

"कुठे?"

"नाक्यासमोरच्या मोकळ्या जागेत. ऊन चांगलं असतं."

मालोजीरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. चार वर्षांपूर्वी खोली मागायला येणारी बाई आज जागेचं नावही न काढता फक्त उन्हाबद्दल बोलते आहे, हे त्यांना शरणागतीसारखं वाटलं. आपण कोणाला फसवलं की तो माणूस कालांतराने आपला होतो, असा त्यांचा अनुभव होता.

"ठीक आहे. भोंगेवाला मी पाठवतो," ते म्हणाले.

मग द्वारकाबाई आणि मीराबाई संस्था वाटून घेऊन फिरल्या. प्रत्येक अध्यक्षाला बाजूला घेऊन एकच सांगितलं: रावसाहेबांचं मन बदललंय, निवडणुकीपर्यंत थांबायचं नाही, रविवारीच खोली तुमच्या ताब्यात देताहेत. चावी घेऊन या. आणि ताबा घेतल्यावर आपलं कुलूप लावायचं असतं, ते विसरू नका. कोणाला सांगू नका, बाकीचे जळतात.

व्यायामशाळेचे उस्ताद जयसिंगराव यांनी दाढी चोळत विचारलं, "कुलूप कितपत मोठं आणू, काकू?"

"मोठंच आणा. आणि तुमच्याकडे ती हत्तीची साखळी आहे ना?"

"आहे. पोरं ओढून व्यायाम करतात."

"ती पण आणा. खोलीला शोभेल."

रविवारी ऊन खरंच चांगलं पडलं होतं. मालोजीराव नव्या धोतरात, भोंगेवाल्याला पुढे पाठवून, जीपमधून आले. मंच म्हणून दोन चौरंग जोडले होते. समोर माणसं बघून त्यांना आधी बरं वाटलं. मग त्यांनी चेहरे बघितले.

दारूबंदी समितीचे पांडुरंगपंत खादीच्या शुभ्र टोपीत पुढे उभे होते. त्यांच्या शेजारी दारूचे ठेकेदार नंदूभिया, बोटांत अंगठ्या घालून. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते आणि दोघांच्याही हातात लाल दोऱ्याची एकेक चावी होती. तांगेवाले होते. नागरिक समिती होती, घोड्यांपासून अंतर ठेवून. जयसिंगराव साखळी खांद्यावर टाकून उभे होते. भजनी मंडळाने टाळसुद्धा आणले होते. प्रत्येकाच्या हातात चावी, प्रत्येकाच्या खिशात कुलूप, आणि प्रत्येकजण बाकीच्यांकडे बघत होता, की हे लोक आपल्या खोलीच्या उद्घाटनाला कशाला आले.

"पंत, तुम्ही इकडे कसे?" नंदूभियांनी शेवटी विचारलं.

"आमच्या समितीच्या कार्यालयाचा ताबा घ्यायला."

"कुठे?"

पांडुरंगपंतांनी जकात नाक्याकडे बोट दाखवलं.

"काहीतरीच काय बोलून राहिले, पंत. ती तर आमची आहे. खोके ठेवायला दिली रावसाबनी."

"तिथे दारूचे खोके?" पांडुरंगपंतांचा आवाज चढला. "आमच्या प्रार्थनेच्या खोलीत?"

मालोजीराव पटकन चौरंगावर चढले. भोंगा हातात घेतला. आणि इथे ते, आयुष्यात पहिल्यांदा, थबकले. ते नेहमी 'मी आधी तुमचा' अशी सुरुवात करत. समोर बघून त्यांना कळेना की आज आधी कोणाचा व्हायचं. त्यांचं तोंड उघडलं. भोंग्यातून फक्त श्वास ऐकू आला.

द्वारकाबाईंनी तो श्वास नीट ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "वाद कशाला? प्रत्येकाने आपली चावी लावून बघावी. ज्याची लागेल, त्याची खोली."

हे सगळ्यांना न्याय्य वाटलं. रांग लागली. पांडुरंगपंतांनी चावी आधी कपाळाला लावली, मग कुलपाला. फिरली नाही. नंदूभियांची चावी आत गेली आणि बाहेर येईना, ती तांगेवाल्यांनी ओढून काढली. जयसिंगरावांची चावी त्यांच्या बोटांत वाकली. भजनी मंडळाची तर घड्याळाची किल्ली निघाली. प्रत्येकजण मागे होताना थोडा लाजत होता, आणि पुढच्याची चावी लागली नाही की थोडा सावरत होता.

"बघा," मालोजीरावांना आता वाचा फुटली. "कुलूपच बिघडलंय. पालिकेचं कुलूप. मी उद्याच्या उद्या अर्ज..."

तेवढ्यात हातोदची बैलगाडी वळणावरून आत आली. पोत्यांच्या ढिगावर शामराव बसले होते, टोपी मागे सारून, पान खात.

"दाजी?" ते वरूनच म्हणाले. "आज इकडे कुठे? आणि ही जत्रा कसली?"

मालोजीरावांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर हुशार माणसाने ओळखली असती. शामराव सरकीचे व्यापारी होते. ते गाडीवरून उतरले, गर्दीतून 'जरा सरका भिया, माल उतरवायचाय' म्हणत वाट काढली, कमरेची चावी सोडली, कुलपात घातली आणि एका हाताने कुलूप उघडलं.

कुलूप मुळीच बिघडलेलं नव्हतं.

दार उघडलं. आत छतापर्यंत सरकीची पोती होती. वास बाहेर आला. भजनी मंडळातल्या कोणीतरी नाकाला उपरणं लावलं.

वस्ती गप्प झाली. एवढी माणसं आणि एवढी शांतता, हे आमच्याकडे दुर्मिळच. मालोजीरावांचा स्वभाव असा, की शांतता दिसली की ते तिच्यात शिरायचे. ते तडक खोलीत गेले, एका पोत्यावर चढले आणि हात वर करून म्हणाले, "बंधुभगिनींनो, हा माल तात्पुरता आहे..."

जयसिंगरावांनी दार ओढून घेतलं. अगदी सावकाश, पाहुणे झोपलेत अशा बेताने. कड्यांतून हत्तीची साखळी घातली आणि तिचे दोन पदर एकत्र धरले.

"आता ताबा घ्यायचा ना, काकू?"

"घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

साखळीचे दोन पदर धरून प्रत्येक संस्थेने आपापलं कुलूप ठोकलं. असं, की एक निघालं तरी दुसरं धरून ठेवील. पांडुरंगपंतांनी नंदूभियांच्या कुलपापासून चार कड्या सोडून लावलं. मीराबाईंनी लावलं. शेवटी द्वारकाबाईंनी आपलं लावलं, जुनं, पागेतलं. पागा मोडली तेव्हा यजमानांनी सरकारजमा न केलेली ती एकच वस्तू.

मालोजीराव खिडकीशी आले. गजांतून त्यांचा चेहरा दिसू लागला.

"उस्ताद," त्यांनी हळूच खूण केली. जयसिंगराव जवळ गेले. "तुमचं कुलूप काढा. बाकीच्यांचं मी बघतो. ही खोली तुमच्या एकट्याची, बस."

जयसिंगराव वळले आणि आखाड्यात हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "खोली माझ्या एकट्याची म्हणून राहिले."

"आत्ता मला म्हणाले, तुमची," खिडकीशी जाऊन आलेले नंदूभिया म्हणाले.

"मला अजून म्हणाले नाहीत," तांगेवाल्यांचा पुढारी म्हणाला, आणि तो खरोखर दुखावला होता.

अडचण अशी होती, की खिडकी एकच होती आणि तिच्यातून सगळे एकदम दिसत होते. मालोजीरावांनी आळीपाळीने सगळ्यांना बोलावून बघितलं. जो जाई तो ऐकलेलं मोठ्याने सांगे. अर्ध्या तासात मंडळींना यात इतकी गोडी वाटू लागली की भजनी मंडळ प्रत्येक आश्वासनानंतर टाळ वाजवू लागलं.

शामराव बाहेर गाडीपाशी उभे होते. "दाजी, माझी बैलं उन्हात आहेत," असं त्यांनी दोनदा सांगून बघितलं.

मग मालोजीराव द्वारकाबाईंना म्हणाले, "काकू, झालं ते झालं. खोली शिवणवर्गाला. लेखी देतो. नळ देतो. वर्गाला तुमच्या यजमानांचं नाव देतो."

"यजमान जिवंत आहेत."

"मग काय हवंय?"

द्वारकाबाई खिडकीजवळ गेल्या. चार वर्षं ज्या गोष्टीची त्यांनी तयारी केली होती ती सांगताना त्यांचा आवाज मुळीच चढला नाही.

"एक वाक्य. म्हणा, द्वारकाबाई खोटं बोलल्या नव्हत्या, मी खोटं बोललो. त्यांना माझ्याकडून काहीही मिळालं नाही."

मालोजीरावांनी मनात हिशेब केला. निवडणूक आठवड्यावर आली होती. नळ देता येतो, खोली देता येते, दोन्ही न देताही येतात. हे वाक्य एकदा दिलं की परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार. त्यांनी गज धरले. मग अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले.

"मला ऐकू नाही आलं," मीराबाई म्हणाल्या.

ते थोड्या मोठ्याने म्हणाले.

"रावसाब, पीछे आवाज नहीं आ रही," नंदूभिया म्हणाले. नंदूभिया पुढच्या रांगेत होते.

मीराबाईंनी भोंगा उचलून गजांपाशी धरला. भोंगा मालोजीरावांनीच पाठवला होता, नवा होता, नदीपलीकडे ऐकू जायचा. ते वाक्य नदीपलीकडे गेलं. ओसरीवरच्या बायका दारात आल्या. ज्यांनी तिळगुळ पदराला बांधला होता, त्या एकमेकींकडे बघू लागल्या. 'हे रावसाहेब बोलून राहिले का?' 'हो, त्यांचाच आवाज.' द्वारकाबाईंनी कोणाकडे बघितलं नाही. फक्त खांदे थोडे खाली आले.

आता संस्थांनी कुलपं काढायला सुरुवात केली. पांडुरंगपंत म्हणाले, आधी ठेकेदारांनी काढावं. नंदूभिया म्हणाले, आधी पंतांनी. शेवटी दोघांनी एकदम काढलं, आणि त्यांच्या हयातीत ते एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झाले. मीराबाईंनी काढलं. उरलं पागेचं कुलूप.

"काकू," मालोजीराव म्हणाले.

"माझी चावी मी गिरिजाकडे पाठवली आहे. हातोदला."

"कोण गिरिजा?"

"हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं. जीप पाठवा. ड्रायव्हरला मीराबाई पत्ता सांगतील."

जीप गेली. वस्ती जेवायला गेली. द्वारकाबाईंनीही घरी जाऊन स्वयंपाक केला, यजमानांना वाढलं, भांडी पालथी घातली. मालोजीरावांना खिडकीतून पोळी-भाजी पाठवली, वर लिंबाची फोडसुद्धा ठेवली. उपाशी माणसाची कीव येते, आणि कीव त्यांना यायला नको होती.

दुपार कलल्यावर जीप आली. पुढच्या सीटवर गिरिजा बसली होती, मांडीवर ट्रंक. तिचा दीर मागे, पोत्यासारखा. लोक पुन्हा जमले. गिरिजा उतरली, खिडकीशी आली आणि आतल्या माणसाकडे बघत राहिली. त्याच्या केसांत सरकीचा कापूस अडकला होता, त्यामुळे तो होता त्यापेक्षा म्हातारा दिसत होता.

"ताई," मालोजीराव म्हणाले, "द्वारकाबाई खोटं बोलल्या नव्हत्या..."

"ते मला माहीत होतं," गिरिजा म्हणाली.

तिने कुलूप काढलं, साखळी सोडली. मालोजीराव बाहेर पडायला पुढे आले. ती दारातून बाजूला झाली नाही.

"आधी पोती," ती म्हणाली. "मग तुम्ही."

दीर सवयीने पुढे झाला. तिने त्याला हाताने थांबवलं. "भावोजी, तुम्ही नका. तुमचा आज रविवार आहे."

मालोजीराव आणि शामराव, दाजी आणि मेहुणा, दोघांनी मिळून छतापर्यंतची पोती एकेक करून बाहेर काढली. सूर्य मावळेपर्यंत. नव्या धोतराचं काय झालं ते सांगत नाही. पेपराचा फोटोवाला सकाळचाच थांबलेला होता, त्याने फोटो काढला. मालोजीरावांना सगळ्या संस्था एका फोटोत हव्या होत्या. त्या सगळ्या त्यात आल्या, मागे ओळीने, हात बांधून, बघत.

मालोजीराव निवडणूक हरले. संस्थांनी पाठिंबा मात्र औपचारिकपणे काढून घेतला नाही. भिंतींवर नावं रंगवून झाली होती, आणि पुसायची कोणी असा वाद निघाला.

खोलीत शिवणवर्ग भरू लागला. संध्याकाळी मीराबाईंच्या बायका तिथे वाचायला बसत, पहाटे उस्तादांची पोरं दोर चढत, आणि गिरिजा आत राहत असल्याने दोघांचाही गोंगाट वेळेवर थांबे. पुढच्या संक्रांतीला बायकांनी द्वारकाबाईंचा तिळगुळ तिथेच, त्यांच्यासमोर तोंडात टाकला. त्यांनी प्रत्येकीचं तोंड हलेपर्यंत वाट पाहिली.

पुढची निवडणूक आली तेव्हा मालोजीराव द्वारकाबाईंकडे आले. बऱ्याच संस्थांकडे जाऊन आलेले दिसत होते. हात जोडून म्हणाले, "काकू, मागचं सोडा. शिवणवर्गाचा पाठिंबा मिळाला तर वस्तीत पुन्हा तोंड दाखवता येईल."

द्वारकाबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या ताट घेऊन. ताटात नारळ होता, हळदकुंकू होतं, आणि लाल दोऱ्यात ओवलेली जुन्या ट्रंकेची एक चावी.

"वर्गाचा पाठिंबा तुमचा," त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त कोणाला सांगू नका, बाकीचे जळतात. आणि मतमोजणी झाल्यावरच उघडा."

मालोजीरावांनी चावी ओंजळीत घेतली. ती ओळखीची वाटली का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी ती कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि पलासियाला गेले.

त्यांच्या घरी देवघर मोठं आहे, असं ऐकतो.